संस्थापकांची मालिका आणि मोजण्याची पट्टी : मानसशास्त्राच्या पायाभूत प्रकरणाची चिकित्सा

सारांश

पदवी वर्गाच्या मानसशास्त्रातील पहिले प्रकरण संस्थापक, संशोधन पद्धती व शाखा अशा तीन स्वतंत्र भागांत शिकवले जाते. या विभागणीमुळे मानसशास्त्राचा खरा पाया, म्हणजे मनाविषयीचे विधान कोणावर, कोणत्या भाषेत आणि कोणाशी तुलना करून केले आहे हा प्रश्न, विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. धारवाड येथील व्ही. व्ही. कामत यांनी केलेले बिने श्रेणीचे कानडी-मराठी रूप, नागपूर येथील ए. जे. मालिन यांनी केलेली दोन रूपांतरे आणि अमरावती जिल्ह्यातील 'विश्राम' हा कार्यक्रम यांच्या आधारे ही उणीव दाखवून पर्यायी मांडणी सुचविली आहे.

बीजसंज्ञा : मनोमापन, मानके, बुद्धिगुणांक, बिने-कामत कसोटी, सामाजिक परिपक्वता श्रेणी, वऱ्हाड.

१. प्रास्ताविक

मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांतील पहिले प्रकरण साधारणतः एकाच घाटाचे असते. आरंभी व्युत्पत्ती व व्याख्या येतात. त्यानंतर विल्हेल्म वुंट आणि त्यांची १८७९ मधील लाइपझिग येथील प्रयोगशाळा, मग विल्यम जेम्स, फ्रॉइड, वॉटसन, समष्टिवादी आणि मानवतावादी अशी संस्थापकांची मालिका येते. दुसऱ्या भागात निरीक्षण, प्रयोग, सर्वेक्षण, सहसंबंध आणि व्यक्ती-इतिहास या पद्धतींचे गुणदोष सांगितले जातात. तिसऱ्या भागात चिकित्सा, समुपदेशन, शैक्षणिक, औद्योगिक इत्यादी शाखांची यादी असते. हा घाट इंग्रजी, विशेषतः अमेरिकी पाठ्यपुस्तकांवरून आलेला आहे आणि त्यातील माहिती बहुतांशी बरोबरही आहे.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप माहितीच्या खरेखोटेपणावर नाही. तो मांडणीच्या परिणामावर आहे. हे प्रकरण वाचून परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यास वुंट यांचे वर्ष पाठ असते, प्रायोगिक पद्धतीचे चार गुण व तीन दोष सांगता येतात आणि दहा शाखांची नावे लिहिता येतात. परंतु याच विद्यार्थ्याच्या गावातील एखाद्या मुलाला 'बौद्धिक अक्षमता' असल्याचे प्रमाणपत्र मिळाले किंवा नाकारले गेले, तर तो निर्णय कोणत्या साधनाने झाला, ते साधन कोठे तयार झाले आणि त्यावर किती विश्वास ठेवावा, याविषयी त्यास काहीही सांगता येत नाही. शास्त्राच्या पायाचे प्रकरण शिकूनही जर हे सांगता येत नसेल, तर शिकविलेल्या गोष्टीस पाया म्हणावे काय, हा प्रश्न उपस्थित होतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या साधनांपैकी एक जुन्या मुंबई इलाख्यातील धारवाड परिसरात आणि दोन नागपूर येथे घडली. म्हणजे ही साधने मराठी भाषेच्या आणि विदर्भाच्या इतिहासाचा भाग आहेत. तरीही मराठी पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात त्यांना सहसा स्थान नसते.

२. संस्थापकांच्या मालिकेची मर्यादा

१८७९ हे वर्ष मानसशास्त्राचे जन्मवर्ष मानणे हा एक संकेत आहे. हार्वर्ड येथे विल्यम जेम्स यांनी त्याआधीच, १८७५ च्या सुमारास, अध्यापनासाठी छोटी प्रयोगशाळा मांडली होती. वुंट यांच्या प्रयोगशाळेस आरंभबिंदूचा मान मिळण्यात एडविन बोरिंग यांच्या १९२९ मधील प्रायोगिक मानसशास्त्राच्या इतिहासग्रंथाचा वाटा मोठा आहे. कोणत्याही शास्त्राला असा संकेत लागतो, त्यात गैर काही नाही. मात्र संकेत हा संकेत म्हणून सांगितला गेला पाहिजे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या वुंट यांच्या नावाने प्रयोगशाळेचे माहात्म्य सांगितले जाते त्यांनीच आयुष्याची अखेरची वीस वर्षे, १९०० ते १९२०, लोकमानसशास्त्रावरील दहा खंडांच्या लेखनात वेचली. भाषा, मिथक आणि रूढी यांत व्यक्त होणाऱ्या उच्च मानसिक प्रक्रिया प्रयोगशाळेतील अंतर्निरीक्षणाने उलगडणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे मनाचा अभ्यास भाषेपासून व समाजापासून पूर्णतः वेगळा काढता येत नाही, ही जाणीव शास्त्राच्या तथाकथित जनकालाच होती. पाठ्यपुस्तकातील वुंट मात्र कालमापक यंत्रासमोर बसलेले असतात आणि प्रकरण पुढे सरकते.

भारतीय नावे घातली की ही उणीव भरून निघेल, असे कोणी सुचवील. कलकत्ता विद्यापीठात पहिल्या महायुद्धाच्या काळात एन. एन. सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेले प्रायोगिक मानसशास्त्राचे अध्यापन, गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेली भारतीय मनोविश्लेषण संस्था, स्वातंत्र्योत्तर काळात पुणे विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभारणारे प्रा. व्ही. के. कोठुरकर, १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना करून प्रज्ञावान विद्यार्थ्यांच्या निवडीसाठी मनोमापनाचा वापर करणारे डॉ. वि. वि. पेंडसे, ही सर्व नावे यावयास हवीत, यात शंका नाही. परंतु मालिकेत आणखी चार नावांची भर घातल्याने मालिका लांबते, तिचे स्वरूप बदलत नाही. विद्यार्थी आणखी चार वर्षे पाठ करील एवढेच. आवश्यकता आहे ती नावामागचे काम उलगडून दाखविण्याची. त्या दृष्टीने बुद्धिमापनाचे उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे, कारण त्यात संस्थापक, पद्धती आणि शाखा हे तिन्ही भाग एकाच कृतीत एकवटलेले आहेत.

३. पॅरिसहून धारवाडपर्यंत

फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या मुलांसाठी काय करावे, हे ठरविण्यासाठी १९०४ मध्ये शासकीय आयोग नेमला गेला. त्यातून आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांची १९०५ मधील तीस प्रश्नांची श्रेणी निर्माण झाली. १९०८ मध्ये प्रश्नांची वयानुसार मांडणी झाली. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये लुईस टर्मन यांनी स्टॅनफर्ड आवृत्तीत त्या भागाकारास शंभराने गुणून बुद्धिगुणांक रूढ केला. बुद्धी ही जन्मतः ठरलेली व न बदलणारी राशी आहे, या मतास स्वतः बिने यांचा १९०९ मधील ग्रंथात स्पष्ट विरोध होता. कोणत्या मुलास साहाय्य हवे ते ओळखणे, एवढेच त्यांच्या श्रेणीचे प्रयोजन होते.

अमेरिकेत या प्रयोजनाचे काय झाले, हेही पायाच्या प्रकरणात यावयास हवे. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील प्रशिक्षण संस्थेत हेन्री गॉडर्ड यांनी १९०८ मध्ये बिने श्रेणी आणली आणि पुढे तिचा वापर मंदबुद्धी ही आनुवंशिक असल्याच्या प्रतिपादनासाठी, तसेच एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांना पारखण्यासाठी केला. परकी भाषा बोलणारे, प्रवासाने थकलेले लोक कसोटीत मागे पडले आणि तो त्यांच्या बुद्धीचा दोष ठरविला गेला. पट्टी तीच, पण भाषा आणि परिस्थिती बदलताच मापाचा अर्थ बदलला, हे येथे उघड दिसते.

भारतात बिने श्रेणी आणण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. लाहोर येथे सी. हर्बर्ट राइस यांनी केलेले हिंदुस्तानी रूपांतर १९२९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मराठीच्या दृष्टीने निर्णायक काम व्ही. व्ही. कामत यांचे आहे. त्यांनी टर्मन यांच्या १९१६ च्या आवृत्तीच्या आधारे धारवाड परिसरातील कानडी व मराठी भाषक मुलांसाठी श्रेणी सिद्ध केली. त्याविषयीचा निबंध १९३४ मध्ये ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात, तर 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन' हा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. हीच पुढे बिने-कामत कसोटी म्हणून देशभर परिचित झाली.

या कामाचे मर्म केवळ भाषांतरात नाही. कॅलिफोर्नियातील आठ वर्षांच्या मुलास जो प्रश्न झेपतो तो धारवाडच्या आठ वर्षांच्या मुलास झेपेलच असे नाही. तो सातव्या वर्षी झेपेल किंवा दहाव्याही. म्हणून प्रत्येक प्रश्न प्रत्यक्ष मुलांना विचारून त्याची काठिण्यपातळी नव्याने ठरवावी लागते आणि प्रश्नांचा वयक्रम पुन्हा लावावा लागतो. यास प्रमाणीकरण म्हणतात, आणि त्यातून मिळणाऱ्या तुलनेच्या आधारास मानके म्हणतात. संशोधन पद्धतीच्या भागात ज्या नमुनानिवड, विश्वसनीयता आणि सप्रमाणता या संज्ञा कोरड्या व्याख्यांच्या रूपाने येतात, त्या येथे एका माणसाने मराठी मुलांसमोर बसून केलेल्या कामाच्या रूपाने दिसतात. वुंट यांचे नाव सांगून हे साधत नाही.

४. नागपूरची दोन रूपांतरे

दुसरे उदाहरण विदर्भातच आहे. नागपूर येथील बालमार्गदर्शन केंद्रात काम करणारे डॉ. ए. जे. मालिन यांनी दोन साधने भारतीय मुलांसाठी रूपांतरित केली. डेव्हिड वेक्सलर यांच्या १९४९ मधील बालबुद्धिमापन श्रेणीवरून त्यांनी केलेली कसोटी १९६९ मध्ये आली. सहा शाब्दिक व पाच कृतिप्रधान उपकसोट्यांची ही कसोटी 'मालिन यांची भारतीय बालकांसाठी बुद्धिमापन श्रेणी' म्हणून ओळखली जाते. दुसरे साधन म्हणजे एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे रूपांतर. त्यास आजही 'नागपूर रूपांतर' असेच म्हटले जाते. गॉडर्ड यांची व्हाइनलँड संस्था ती हीच. ज्या संस्थेतून बिने श्रेणीचा दुरुपयोग सुरू झाला, त्याच संस्थेत पुढे डॉल यांनी केवळ प्रश्नोत्तरांवर विसंबून न राहता मूल रोजच्या व्यवहारात काय करू शकते, हे पालकांकडून जाणून घेण्याची रीत विकसित केली. मूल स्वतः जेवते काय, कपडे घालते काय, एकटे शाळेत जाते काय, इतरांशी बोलते-खेळते काय, असे तिचे स्वरूप आहे.

रूपांतराची गरज किती मूलभूत आहे हे डॉल यांच्या मूळ श्रेणीतील काही कलमांवरून कळते. ब्रेडला लोणी लावण्यासाठी सुरी वापरणे, चाकांच्या बुटांवर अथवा बर्फावरील घसरगाडीवर खेळणे, सांताक्लॉज खरोखर अस्तित्वात असतो यावरील विश्वास सोडून देणे, ही तेथे वाढत्या परिपक्वतेची लक्षणे आहेत. अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरात ती खरोखरच लक्षणे असतील. वऱ्हाडातील मूल सांताक्लॉजवर विश्वास ठेवीत नाही, कारण तो त्याच्या जगातच नाही. त्याचा अविश्वास हा परिपक्वतेचा पुरावा ठरू शकत नाही. मूळ श्रेणीत ११७ कलमे होती आणि नागपूर रूपांतरात ८९ आहेत, या एका फरकावरूनही रूपांतर म्हणजे शब्दास शब्द नव्हे, हे विद्यार्थ्यास समजावून देता येते.

५. तीन प्रश्न

या उदाहरणांतून कोणत्याही मानसशास्त्रीय विधानास विचारावयाचे तीन प्रश्न निष्पन्न होतात : हे कोणावर आढळले, कोणत्या भाषेत विचारले, आणि तुलना कोणाशी केली. प्रस्तुत लेखाच्या मते मानसशास्त्राचा पाया या तीन प्रश्नांत आहे. हे प्रश्न केवळ तात्त्विक नाहीत, हे पुढील उदाहरणावरून दिसेल.

आठ वर्षे पूर्ण झालेल्या, म्हणजे ९६ महिने वयाच्या एका मुलाची कल्पना करू. वयश्रेणीच्या कसोटीत प्रत्येक वर्षासाठी सहा प्रश्न असून प्रत्येक बरोबर उत्तरास दोन महिने मिळतात, असे समजू. या मुलाने पाच वर्षांपर्यंतचे सर्व प्रश्न सोडविले, सहाव्या वर्षाचे तीन आणि सातव्या वर्षाचा एक सोडविला. त्याचे मानसिक वय ६० अधिक ८, म्हणजे ६८ महिने झाले. बुद्धिगुणांक ७०.८ आला. आता समजा, सुटलेल्या प्रश्नांपैकी दोन प्रश्न केवळ परीक्षकाच्या शब्दामुळे त्याला कळले नसते. मानसिक वय ६४ महिने आणि बुद्धिगुणांक ६६.७ झाला असता. बौद्धिक अक्षमतेची रूढ सीमारेषा ७० ची आहे. मुलाच्या बुद्धीत तिळमात्र फरक न पडता दोन शब्दांनी तो रेषेच्या अलीकडून पलीकडे गेला.

असे शब्द आपल्या भागात विरळ नाहीत. प्रमाण मराठीतील शेत वऱ्हाडी घरात वावर असते, शेंगदाण्यास फल्ली म्हणतात, टोमॅटोला भेदर आणि कौलांना कवेलू. चित्र दाखवून नाव विचारले असता मुलाने 'भेदर' म्हटले, तर ते उत्तर बरोबर धरावे हे वऱ्हाडी परीक्षकास सांगावे लागणार नाही. बाहेरून आलेल्या किंवा पुस्तिकेस चिकटून राहणाऱ्या परीक्षकाबद्दल तशी खात्री देता येत नाही. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या बाळापुरात तर प्रश्न आणखी एका पदराचा आहे. येथे मराठी आणि उर्दू या दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. उर्दू माध्यमातील मुलास कसोटी कोणत्या भाषेत द्यावयाची, आणि धारवाडच्या कानडी-मराठी मुलांवरून काढलेल्या मानकांशी त्याची तुलना कोणत्या आधारावर करावयाची, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

भाषेची अडचण गुण कमी करते. जुनी मानके नेमकी उलट दिशेने काम करतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात बुद्धिमापनातील सरासरी कामगिरी सुमारे १४ गुणांनी वाढली होती, आणि १९८७ मध्ये त्यांनी अशीच वाढ चौदा देशांच्या माहितीवरून मांडली. शिक्षण, आहार, कुटुंबाचा आकार आणि चित्रांच्या व चिन्हांच्या जगाशी वाढता परिचय अशी कारणे त्यासाठी सांगितली जातात. आपल्याकडेही अशी वाढ झाली असेल, तर १९३० च्या दशकातील मुलांशी तुलना केल्यास आजचे मूल वास्तवाहून अधिक हुशार भासेल, आणि ज्यास साहाय्याची खरोखर गरज आहे ते मूल रेषेच्या वर राहून साहाय्यास मुकेल.

काही जण म्हणतील की, एक चूक गुण कमी करते, दुसरी वाढवते, म्हणजे दोन्हींची फिट्टंफाट होते. हा युक्तिवाद सरासरीच्या बाबतीतही संशयास्पद आहे आणि व्यक्तीच्या बाबतीत तर अग्राह्यच आहे. भाषेची अडचण सर्व मुलांना सारखी नसते. शहरातील सुशिक्षित घरातील मुलास ती जवळजवळ नसते, म्हणून त्याच्या वाट्यास केवळ जुन्या मानकांची वाढ येते. खेड्यातील किंवा दुसऱ्या भाषेच्या घरातील मुलाच्या वाट्यास घट येते. दोन चुका दोन वेगवेगळ्या मुलांवर होतात. त्यांची वजाबाकी कागदावर होते, मुलांच्या आयुष्यात होत नाही.

यात भर म्हणजे मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय हा भागाकार वेगवेगळ्या वयांत एकाच अर्थाचा राहत नाही. गुणांचा विस्तार वयागणिक बदलत असल्याने सहाव्या वर्षीचा ८० आणि बाराव्या वर्षीचा ८० हे समवयस्कांतील एकाच स्थानाचे निदर्शक असतीलच असे नाही. म्हणूनच वेक्सलर यांनी १९३९ पासून समवयस्कांच्या सरासरीपासूनच्या अंतरावर आधारलेला बुद्धिगुणांक स्वीकारला. बिने-कामत कसोटी मात्र भागाकाराच्याच पद्धतीची राहिली आणि तशीच एकविसाव्या शतकातही भारतातील चिकित्सालयांत वापरली गेली. बंगळूरच्या निम्हान्समधून २०२० मध्ये या कसोटीचे सविस्तर परीक्षणही प्रसिद्ध झाले आहे.

६. दोष कोणाचा?

याचा दोष कामत किंवा मालिन यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. कामत यांनी आपल्या काळातील मुलांसाठी आपल्या काळात काम केले. नव्वद वर्षांनंतर कोणी ती मानके वापरावीत, ही त्यांची अपेक्षा असण्याचे कारण नाही. त्यांच्यासारखे काम पुढील प्रत्येक पिढीने पुन्हा करावयास हवे होते. टर्मन यांच्या आवृत्तीचे अमेरिकेत १९३७, १९६०, १९८६ आणि २००३ मध्ये नूतनीकरण झाले. वेक्सलर श्रेणीची भारतीय मानके असलेली चौथी आवृत्ती २०१२ मध्ये आली, हे खरे. पण एवढ्यावरून तालुक्याच्या गावातील मुलाच्या भाषेतील अद्ययावत साधनाचा प्रश्न सुटला, असे म्हणता येत नाही.

हे काम न होण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक कारण आपल्या वर्गात आहे. ज्या विद्यार्थ्यांनी हे काम पुढे न्यावयाचे, त्यांना असे काम झाले होते हेच पहिल्या वर्षी कोणी सांगितले नाही. मानसशास्त्र म्हणजे परदेशात पूर्ण झालेली गोष्ट आणि आपण ती मराठीत समजून घ्यावयाची, असा संस्कार पहिल्या प्रकरणाने केला. दुर्गानंद सिन्हा यांनी १९८६ मध्ये तिसऱ्या जगातील मानसशास्त्राच्या संदर्भात भारतीय अनुभवाची जी चिकित्सा केली, तिचा रोखही उसनवारीकडेच होता. आता तर पाश्चात्त्य मानसशास्त्रातच ही शंका उघडपणे घेतली जाते. हेनरिक, हाइन आणि नोरेंझायन यांनी २०१० मध्ये दाखविले की, मानवी मनाविषयीची सार्वत्रिक म्हणून मांडलेली पुष्कळ विधाने पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक व श्रीमंत समाजांतील लोकांवर, त्यातही विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर, आधारलेली आहेत. २०१५ मध्ये शंभर प्रसिद्ध संशोधनांची पुनरावृत्ती केली असता मूळ संशोधनांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय आढळलेले परिणाम पुनरावृत्तीत केवळ ३६ टक्क्यांत तसे आढळले. म्हणजे पाया पूर्ण झालेला नाही, त्याची डागडुजी चालू आहे. ही गोष्ट विद्यार्थ्यापासून लपविण्याचे कारण नाही. किंबहुना तीच त्याला शास्त्रात सहभागी होण्याचे निमंत्रण देते.

प्रश्न केवळ शैक्षणिक नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अनेक लाभ किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राशी जोडले गेले. ४ जानेवारी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीच्या गुणांवरून ठरविण्याची तरतूद होती. न्यू जर्सीत जन्मलेल्या आणि नागपुरात भारतीय रूप घेतलेल्या साधनाशी एखाद्या वऱ्हाडी कुटुंबाचे शासकीय साहाय्य अशा रीतीने बांधले गेले. त्या कुटुंबास मार्गदर्शन करू शकेल असा गावातील सुशिक्षित तरुण अनेकदा आपलाच माजी विद्यार्थी असतो.

७. शाखांविषयी : 'विश्राम'चा धडा

पहिल्या प्रकरणाच्या तिसऱ्या भागातील शाखांची यादीही याच रीतीने जिवंत करता येते. त्यासाठी उदाहरण अमरावती जिल्ह्यातीलच आहे. शेतीवरील संकटाने ग्रासलेल्या विदर्भात नैराश्यावरील उपचार खेड्यांपर्यंत नेण्यासाठी 'विश्राम' हा लोकाधारित मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्ह्यातील तीस गावांत राबविला गेला. गावपातळीवरील कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी त्याचे मूल्यमापन २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त प्रसिद्ध केले. नैराश्य असलेल्या व्यक्तींपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण आरंभी ४.३ टक्के होते. ते अठरा महिन्यांनंतर २७.२ टक्के झाले.

या एका अभ्यासात चिकित्सा, समुपदेशन, आरोग्य आणि सामुदायिक मानसशास्त्र या चारही शाखा एकत्र काम करताना दिसतात. शिवाय पद्धतीचा उत्तम धडाही मिळतो. येथे कार्यक्रमापूर्वी व कार्यक्रमानंतर सर्वेक्षण झाले, परंतु तुलनेसाठी कार्यक्रमाविना राहिलेल्या गावांचा गट नव्हता. तेव्हा झालेली वाढ संपूर्णपणे कार्यक्रमामुळेच झाली असे म्हणता येईल काय? त्याच काळात अन्य कोणते बदल झाले असतील? नियंत्रित गट ठेवणे अशा परिस्थितीत नैतिक ठरले असते काय? 'प्रायोगिक पद्धतीचे गुणदोष' या मथळ्याखाली जे पाठ करून घेतले जाते, ते या तीन प्रश्नांत विद्यार्थी स्वतः शोधून काढतो. अभ्यासाचे मोल याने कमी होत नाही. त्याच्या निष्कर्षाचा आवाका किती, हे नेमके कळते, आणि चिकित्सेचे कार्य तेच आहे.

८. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा की, नेट-सेटसारख्या परीक्षांत वुंट आणि वॉटसन विचारले जातात, कामत क्वचितच. हे मान्य आहे, आणि म्हणूनच ही नावे वगळावीत असे येथे सुचविलेले नाही. बिने ते कामत हा प्रवास शिकविताना स्टर्न, टर्मन, वेक्सलर हे येतातच, आणि ते अधिक पक्के लक्षात राहतात. दुसरा आक्षेप असा की, मनोमापन हा पदव्युत्तर वर्गाचा व प्रशिक्षित व्यक्तीचा विषय आहे. कसोटी देणे हे निश्चितच प्रशिक्षित व्यक्तीचे काम आहे, आणि कसोटीतील प्रश्न वर्गात उघड करणे अयोग्यही आहे. परंतु कसोटी म्हणजे काय आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजणे सुशिक्षित नागरिकाचे काम आहे. पदवीचे पहिले वर्ष बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी मानसशास्त्राशी येणारा अखेरचा संबंध असतो. तेव्हा हे पुढे सांगू म्हणणे म्हणजे बहुतेकांना कधीच न सांगणे होय.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : स्थानिक उदाहरणांच्या आग्रहाने मानसशास्त्र प्रादेशिक अस्मितेचा विषय बनेल. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच येथे कामत व मालिन यांचा गौरव करण्यावर भर दिलेला नाही, त्यांच्या कामाची चिकित्सा करण्यावर दिला आहे. जे आपले आहे त्यालाही तेच तीन प्रश्न विचारावयाचे आहेत.

९. पर्यायी मांडणी

वरील विवेचनाच्या आधारे पहिल्या प्रकरणाच्या अध्यापनासाठी पुढील सूचना कराव्याशा वाटतात. अभ्यासक्रम न बदलताही त्या अमलात आणता येतील.

एक, संस्थापक, पद्धती व शाखा हे तीन भाग शिकविताना एकच उदाहरण तिन्हींतून न्यावे. बुद्धिमापन हे त्यासाठी सोयीचे आहे. दोन, प्रत्येक प्रसिद्ध प्रयोगाबरोबर तीन प्रश्नांचा तक्ता विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावा : कोणावर, कोणत्या भाषेत, कोणाशी तुलना करून. तीन, एक लहान क्षेत्रकार्य द्यावे. विद्यार्थ्यांनी पालकांच्या संमतीने सहा-सात वर्षांच्या मुलांना नेहमीच्या वस्तूंची वीस चित्रे दाखवावीत आणि मुले कोणते नाव घेतात याची नोंद करावी, काही मराठी घरांत, काही उर्दू घरांत. कोणत्याही मुलाला गुण द्यावयाचे नाहीत, नाव नोंदवावयाचे नाही. कोणते चित्र किती मुलांना ओळखता आले, कोणत्या शब्दाने ओळखले, एवढाच तक्ता करावयाचा. प्रश्नाची काठिण्यपातळी म्हणजे काय, हे या तक्त्यावरून एका तासात समजते, आणि कामत यांनी काय केले असेल याची कल्पनाही येते.

१०. समारोप

शास्त्राचा पाया त्याच्या संस्थापकांच्या नावांत शोधावा, की ते ज्या रीतीने आपले विधान तपासते तीत शोधावा, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखाने दुसऱ्या बाजूने दिले आहे. पॅरिसमध्ये साहाय्यासाठी निघालेली श्रेणी न्यू जर्सीत वगळण्याचे साधन झाली, धारवाड व नागपूर येथे ती पुन्हा मुलांना समजून घेण्याचे साधन झाली, आणि नूतनीकरणाअभावी ती पुन्हा अन्यायाचे कारण होऊ शकते. या प्रवासात पट्टी महत्त्वाची आहेच, पण ती वेळोवेळी तपासून पाहणारे लोक त्याहून महत्त्वाचे आहेत. असे लोक आपल्या महाविद्यालयांतून घडावयाचे असतील, तर त्यांना पहिल्याच प्रकरणात हे सांगितले पाहिजे की, या शास्त्रातील एक मोठे काम मराठी मुलांसमोर बसून सुरू झाले होते आणि ते अद्याप अपुरे आहे.